पेटीच्या तळाचा अर्ज

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या थोरलीने मला एक तक्ता पाठवला. चौदा विद्यापीठं, प्रत्येकापुढे अकरा रकाने, शेवटी एकूण गुण. खाली लिहिलं होतं, "आजी, तू शिस्तीची आहेस, तूच सांग कुठलं घेऊ. आणि मुळात एवढं शिकण्यात अर्थ असतो का, तेही सांग." मी तक्ता छापून आणवला, चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं, आणि तिसऱ्या रकान्याशी येऊन हसू लागले. फोन चालूच होता, धाकट्याने विचारलं, "आजी, तू रडतेयस का?" नव्हते रडत. असाच तक्ता मी १९९९ साली तुमच्या आईसाठी केला होता, तो आठवला. त्याचं पुढे काय झालं ते तुमच्या आईने तुम्हाला सांगितलेलं नाही. मला वाईट वाटेल असं तिला वाटतं. वाटेल थोडं, पण तुमचा निर्णय व्हायच्या आत ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून आजच लिहायला बसले.

तेव्हा मी रत्नागिरीत शाळेत इंग्रजी शिकवत होते. घर शहरात, बाग जवळच्या पावस गावात. तुमचे आजोबा मार्च ते मे माणसांत नसत, आंब्यात असत. आमच्याबरोबर त्यांची थोरली बहीण राहायची, तुमची आत्याआजी. मी तिला वन्सं म्हणायची. ती चौथी शिकलेली होती आणि उरलेल्या सगळ्या इयत्तांबद्दल तिला मत होतं.

माझ्या शिस्तीबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. आमच्या फडताळात डब्यांवर चिठ्ठ्या असत. साखरेच्या डब्यावर "साखर" आणि मिठाच्या डब्यावर "साखर नव्हे", कारण आजोबांनी एकदा चहात मीठ घातलं होतं. वर्तमानपत्रं महिन्यावारी रचलेली असत. बागेतसुद्धा दर रविवारी मी कलमांखालचा पालापाचोळा झाडून घ्यायची. पाहुणे म्हणत, "बाग आहे की दिवाणखाना!" मला ते फार आवडायचं. ही पाल्याची गोष्ट लक्षात ठेवा.

तुमच्या आईने बारावी सायन्सची परीक्षा दिली आणि मी तक्ता आखायला घेतला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, पट्टीने. उभ्या बाजूला नऊ कॉलेजं. आडव्या बाजूला प्राध्यापक, ग्रंथालय, वसतिगृह, पाणी, शिस्त, स्वच्छता, ओळखीचं घर किती लांब. प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्ता जेवणघरात लावला, आणि तिथेच चुकलं, कारण जेवणघरात सगळेच येतात.

दुसऱ्या दिवशी त्यात आजोबांच्या अक्षरात एक नवा रकाना उगवला होता, "आंबा". रत्नागिरीच्या कॉलेजला दहा, बाकी सगळ्यांना भोपळा. तिसऱ्या दिवशी वन्संनी तुमच्या आईकडून आणखी एक लिहून घेतला, "कुंपणाची उंची".

"कुंपण कशाला, वन्सं?" मी विचारलं.

"मुलींच्या वसतिगृहाला काय गो, नुसता दोरा बांधतात काय?"

मी दोन्ही रकाने खोडले नाहीत. तक्त्यात खाडाखोड मला चालत नाही. बेरीज केली तेव्हा सगळ्यांत जास्त गुण ज्या संस्थेला पडले ती फक्त मुलांसाठी होती. तिचं माहितीपुस्तक इतकं नीटनेटकं होतं की मी ते वाचताना शिस्तीला आणि स्वच्छतेला दहा-दहा देऊन मोकळी झाले, आणि कुंपणही बारा फूट निघालं. तुमची आई जेवता जेवता इतकी हसली की आमटी नाकात गेली.

"मग मिशी लावून जाऊ का, आई?"

"कुठेच नको जायला," आजोबा म्हणाले. "इथे शीक. बाग आहे. कलमांना काय तुझी डिग्री वाचता येणार आहे?"

ते थट्टेत बोलत, पण ती थट्टा नव्हती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकुलती एक मुलगी. ती गेली की बाग कुणासाठी राखायची, हा त्यांचा प्रश्न होता. तिने माझ्यासारखं इंग्रजी साहित्य वाचावं, ही माझी इच्छा. तिची स्वतःची इच्छा काय, हा रकाना तक्त्यात नव्हता. आजोबांनी आखला नव्हता, वन्संनी आखला नव्हता, मीही नाही.

शेवटी दुसऱ्या क्रमांकाचं, परराज्यातलं एक मोठं विद्यापीठ ठरलं. त्याचा अर्ज टपालाने मागवावा लागे. एकाच अर्जात सतरा शाखा होत्या, पसंतीचा क्रम लिहायचा आणि "तुम्हाला उच्च शिक्षण का घ्यायचे आहे?" यावर इंग्रजीत एक पान निबंध. मी दोन अर्ज मागवले. एक भरायला, एक चुकला तर. पहिली पसंती मीच सांगितली, इंग्रजी. निबंधही मीच सांगितला, तुमच्या आईने उतरवून घेतला. काय निबंध होता तो! ज्ञानाचा अथांग सागर होता, सत्याचं उत्तुंग शिखर होतं, विद्येची अखंड ज्योत होती. तुमच्या आईने लिहून झाल्यावर विचारलं, "आई, यातलं मी काय करणार आहे पण?" मी म्हटलं, "अक्षर सरळ काढ."

अर्ज पुढच्या शुक्रवारच्या आत तिकडे पोचायला हवा होता. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला शनिवारी मिळायचा होता. तोवर अर्जाला घडी पडू नये म्हणून मी तो फोटोसकट एका लिफाफ्यात घातला, लिफाफा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सपाट राहील अशा जागी ठेवला.

शनिवारी दाखला आला. अर्ज नव्हता.

मी घर पालथं घातलं. म्हणजे माझ्या पद्धतीने, एकेक खण, डावीकडून उजवीकडे. मग ओसरीवर आले. तिथे पेंढा, खिळे, फळ्या आणि मधोमध आजोबा, हातात आंबा धरून उन्हात बघत बसलेले.

"अहो, अर्ज कुठे आहे?"

"कसला?"

"परवा तुम्ही काय म्हणालात? अर्ज पोचलाच नाही तर बरं, असं म्हणालात की नाही?"

"म्हणालो असेन. मी रोज काहीबाही म्हणतो. त्यातलं या घरात काय खरं होतं?"

"म्हणजे तुम्ही लपवला नाहीत?"

"अगं, मला माझा चष्मा सापडत नाही, मी तुझा अर्ज कुठे लपवू?"

मी त्यांची चांगली उलटतपासणी घेतली. गुरुवारी कुठे होतात, जेवणघरात किती वेळा आलात, कपाटाला हात लावलात का. तुमची आई दाराशी उभी होती. मला आठवतं, ती रडत नव्हती, पण बोटाने दाराच्या चौकटीचा रंग खरवडत होती. त्या घरात असं खरवडलेलं मी कधी चालवून घेतलं नसतं, पण तेव्हा काही बोलले नाही.

मग वन्संनी तोंड उघडलं. पेटीच्या तळाला आधी कागद, मग पेंढा, मग आंबे, अशी भरायची रीत. कागदाचं काम त्यांच्याकडे असे.

"गुरुवारी एक घडी जाड लागली हो मला."

"जाड? मग उघडून बघितलीत का नाही?"

"मी कागद वाचत नाही, बाई. जाडी बघते. जाड कागद तळाला बरा."

"पण तुम्हाला तो कागद दिला कुणी?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या भावाकडे, मग आढ्याकडे. "मला कुणाचं नाव घ्यायला लावू नकोस," त्या म्हणाल्या.

मी ते आजोबांचंच नाव असणार असं धरून चालले.

गुरुवारी नऊ पेट्या गेल्या होत्या, सगळ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना. मी यादी काढली आणि आजोबांपुढे फोन ठेवला. त्यांनी हात मागे घेतला. आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आंब्याच्या पेटीबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात एकच संशय असतो, की वर मोठी फळं मांडली आणि तळाला बारकी भरली. आजोबांनी उभ्या आयुष्यात असं केलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आता त्यांनीच नऊ घरी फोन करून म्हणायचं होतं, पेटीचा तळ बघा.

"माझ्याने नाही व्हायचं," ते म्हणाले.

"बाबा," तुमची आई म्हणाली. एवढंच. त्यांनी फोन उचलला.

पहिला फोन कोल्हापूरला.

"नमस्कार. आंबे पोचले ना?"

"पोचले की. छान आहेत."

"जरा खालचा थर उचलून बघता का?"

"खालचा थर? का? खाली काय भरलंय?"

"आंबेच. आंबेच भरलेत हो."

"मग बघायचं काय?"

"त्याच्या खाली कॉलेजचा अर्ज आहे का बघा."

तिकडे मागून एका बाईंचा खणखणीत आवाज, जो आम्हाला ओसरीत सगळ्यांना ऐकू आला, "मी दरवर्षी सांगते, यांच्या पेटीत काहीतरी आहे!"

तिथे अर्ज नव्हता. दुसऱ्या घरी पेटी रिकामी केली आणि एक आंबा जास्त निघाला. तो परत पाठवू का, असं त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. तिसऱ्या घरी आजोबांनी घाबरून आधीच सांगितलं, "तळाचे आंबे अगदी उत्तम आहेत," त्यामुळे त्या लोकांनी लगेच सगळे काढून पाहिले आणि दोन बारके निवडून दाखवले. आठ फोन झाले तेव्हा आजोबा घामाने निथळत होते. नववी पेटी चिपळूणला एका निवृत्त हेडमास्तरांकडे गेली होती. त्यांच्याकडे फोन नव्हता.

सोमवारी पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं चिपळूणला निघालो. मेच्या मध्यावर आजोबांनी बाग सोडली, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. अर्थात ते म्हणाले की आपण पेटीची अब्रू राखायला चाललोय, अर्जासाठी नव्हे. माझ्या पिशवीत दुसरा कोरा अर्ज, दाखला, पेन, जादा पेन आणि पट्टी होती.

हेडमास्तर पडवीत बसले होते. समोर टेबलावर, दगडाखाली, आमचा अर्ज.

"या, या. तुमचीच वाट बघत होतो. वर पत्ता होता, पत्र टाकणारच होतो आज. गुंडाळलेला कागदही ठेवलाय."

त्यांनी वर्तमानपत्र पुढे केलं. त्याच्या कोपऱ्यात, माझ्या रेखीव अक्षरात, "एप्रिल: पेट्यांसाठी" असं लिहिलेलं होतं.

झालं होतं ते असं. मे महिन्याचे अंक मी शब्दकोडी सोडवायला ठेवायची, म्हणून ते लोळत असत. एप्रिलचा गठ्ठा मात्र कपाटावर, सपाट, मुंग्यांपासून लांब. मी अर्ज एप्रिलच्या अंकात गुंडाळला, एप्रिलच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवला, आणि गुरुवारी वन्संनी कागद मागितला तेव्हा त्यात अर्ज आहे हे साफ विसरून तो सगळा गठ्ठा मीच, माझ्या हाताने, त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

आजोबांनी तो कोपरा वाचला. माझ्याकडे बघितलं. एक शब्द बोलले नाहीत, आणि हे मला आजवर सर्वांत जास्त लागलं आहे.

पण पुढे आणखी होतं. हेडमास्तरांनी नुसता अर्ज सांभाळला नव्हता, तपासला होता. तांबड्या शाईने. चाळीस वर्षांची सवय, हात थांबला नाही म्हणाले. निबंधावर रेघाच रेघा होत्या. सागराखाली लिहिलं होतं, "सागर रत्नागिरीलाही आहे. मग इतक्या लांब का जायचे?" शिखराखाली, "कोणते?" ज्योतीला नुसतं प्रश्नचिन्ह. खाली गोल करून दहापैकी चार.

"लिहिणाऱ्याला इंग्रजी उत्तम येतं," हेडमास्तर म्हणाले. "पण सांगायचं काही नाही. काय गो मुली, तू लिहिलंस?"

तुमच्या आईने माझ्याकडे बघितलं. तिने "हो" म्हटलं असतं. मला वाचवायला म्हटलं असतं.

"मी सांगितला," मी म्हणाले.

"तुम्ही काय करता?"

"इंग्रजी शिकवते. शाळेत."

"अरे," ते म्हणाले, आणि क्षणभर विचार करून त्यांनी चाराचे साडेचार केले.

इतक्यात त्यांच्या पत्नी आंब्याच्या फोडी घेऊन बाहेर आल्या. आमच्याच बागेतले, आधीच्या पेटीतले. मास्तरांनी वरची फोड उचलली आणि मधोमध पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. साका. वरून सोन्यासारखं फळ, देठापासून टोकापर्यंत डाग नाही, आणि कापल्यावर आत हे. हापूसला हा रोग असतो आणि कापेपर्यंत कुणाला कळत नाही.

आजोबा उठून उभेच राहिले. "मी बदलून देतो. आज रात्रीच्या गाडीने देतो."

"अहो बसा, एखाद्यात असायचाच."

"एखाद्यात नाही," तुमची आई म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "या वर्षी जास्त आहे. कातळावरच्या कलमांना जास्त, खाडीकडच्यांना कमी. मी दोन वर्षं वहीत लिहून ठेवलंय. बाहेरून कळत नाही, पाण्यात टाकून थोडं कळतं, पण नक्की नाही. तो का होतो हे मला शोधायचंय. पंधरावी शाखा आहे ना अर्जात, अन्नतंत्रज्ञान, ती मला हवी होती."

"मग बोलली का नाहीस?" आजोबांनी विचारलं.

"रकाना नव्हता," ती म्हणाली.

हेडमास्तर टेबलावर बोट आपटून म्हणाले, "हेच लिही. आत्ता जे बोललीस तेच. एकही जास्त शब्द नको."

मी पिशवीतून कोरा अर्ज काढला. तिने पडवीत बसून लिहिला. निबंधाचं पहिलं वाक्य असं होतं, की आमच्या बागेतला आंबा बाहेरून चांगला दिसतो आणि आतून खराब निघतो, आणि तो का हे मला कळून घ्यायचं आहे. मी व्याकरणाची एक चूक पाहिली आणि बोलले नाही. मास्तरांनीही पाहिली. त्यांनी तांबडं पेन खिशात घातलं आणि वरून गुंडी लावली. पहिल्या अर्जावरचा फोटो वाफ देऊन सोडवला आणि नव्यावर भाताच्या शितांनी चिकटवला, कारण त्या घरात डिंक वाळून गेला होता. पालकाच्या सहीच्या जागेपाशी सगळे थांबलो.

आजोबांनी विचारलं, "साका ओळखता येईल?"

"माहीत नाही, बाबा."

"घालवता येईल?"

"तेही माहीत नाही."

"निदान खोटं बोलत नाहीस," ते म्हणाले आणि सही केली. मग टपाल कचेरीत जाऊन त्यांनीच अर्ज स्पीडपोस्टने टाकला, आणि खिडकीतल्या माणसाला तीनदा विचारलं की हा नक्की आतच जातो ना, कशाच्या खाली राहत नाही ना.

ती गेली. चार वर्षं तिकडे राहिली. पहिल्या वर्षी आजोबा रोज म्हणत की डिग्री म्हणजे साकाच, बाहेरून पिवळी. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा म्हणू लागले. २००३ साली ती परत आली आणि तिसऱ्याच दिवशी बागेत उभी राहून आम्हाला सांगू लागली. जमीन तापते, तिची झळ खालून फळाला लागते, साका वाढतो. कातळ जास्त तापतो, म्हणून तिथे जास्त. उपाय काय, तर कलमांखाली पालापाचोळा आणि गवत पसरून ठेवायचं. शिवाय फळ जरा आधी काढायचं. पूर्ण जाणार नाही, कमी होईल.

आजोबा ऐकत होते. "पाला ठेवायचा? हे तर माझी आजी करायची. चार वर्षं शिकून हेच आणलंस?"

"मग तुम्ही बंद का केलंत, बाबा?"

आजोबा काही बोलले नाहीत. चिपळूणसारखंच बोलले नाहीत. वन्सं तिथे होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.

बाग मीच झाडून घेत होते, लग्न झाल्यापासून, दर रविवारी, दिवाणखान्यासारखी.

तर थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आजोबांच्या आजीला करायचं काय ते ठाऊक होतं, पण का ते ठाऊक नव्हतं. म्हणून एक नीटनेटकी, इंग्रजी शिकलेली सून घरात आली आणि तिने ते सहज बंद पाडलं. कुणाला तिला अडवता आलं नाही. तुझ्या आईला का ते ठाऊक होतं, म्हणून तिने मला अडवलं. तेवढ्यापुरतं तरी शिकणं वसूल झालं असं मला वाटतं. आजोबा अजून अर्धंच मान्य करतात. तुझा तक्ता परत पाठवते आहे. गुण मी कुठेच दिलेले नाहीत. उजवीकडे पट्टीने एक रकाना आखला आहे, तो तू भर.

तांबड्या शाईचा अर्ज माझ्या कपाटात आहे, साडेचार गुणांसकट. बागेत कलमांखाली पाला आहे. साका अजून होतो, पण कमी होतो.